विहिरीवरच्या पेटीबद्दल

इंदिरानगर, नाशिक

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

फोनवर बाबा "हो, कळलं" म्हणून ठेवून देतात, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

रविवारी फोनवरून मोटार चालू-बंद करणारी पेटी बसवली आणि मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मोटार चालू झाली. पेटीचा मेसेज माझ्याही फोनवर येतो, हे सांगायचं राहिलं होतं. (राहिलं नव्हतं, मुद्दामच सांगितलं नाही.) कोणत्या नंबरवरून मोटार चालू केली ते त्यात येतं. त्या रात्री नंबरच नव्हता. म्हणजे बाबा, तुम्ही बॅटरी घेऊन उसाच्या कडेने विहिरीवर गेलात आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलंत. गेल्या तोडणीला त्याच उसात बिबट्याची पिल्लं सापडली, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना?

"यंत्राचा काय भरवसा," म्हणाल. मग भरवशाचंच बोलू. दोन वर्षांपूर्वी मोटार जळली ती एक फेज गेल्यामुळे. उरलेल्या दोन फेजवर ती नुसती घुमत राहिली, वाइंडिंग तापलं आणि संपलं. ऐन छाटणीनंतर बाग चार दिवस कोरडी. तेव्हा तुम्ही, फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर वाईट निघाला म्हणालात. रविवारी जुनी वायरिंग उसकली तर तो डायरेक्ट केलेला दिसला. सारखा ट्रिप होतो म्हणून तुम्हीच वायर जोडून टाकली होतीत. दिवसभर सातपूरला पॅनेलची वायरिंग करणाऱ्या मुलीच्या घरी हे! नव्या पेटीत कृपा करून असं काही करू नका. ती ट्रिप झाली तर तिला काहीतरी दिसलेलं असतं.

तिला काय दिसतं तेही सांगते. वायरीवर घातलेल्या कड्या करंट मोजतात. आपली पाच एचपीची मोटार भरल्या पाण्यावर आठच्या आसपास अँपिअर घेते. विहीर आटून मोटार हवा ओढू लागली की करंट खाली येतो, आणि पेटी मोटार बंद करते. फेज उलटी आली तर चालूच होऊ देत नाही. लाईट आल्या आल्या मोटार सुरू करायची नाही, दहा मिनिटं थांबायचं, असं मीच सेट केलंय. सगळ्या शिवारातल्या ऑटोवरच्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं आणि डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडतो. मग रात्रभर कोणालाच पाणी नाही. तेव्हा दहा मिनिटं उशीर झाला तर "बिघडली" म्हणून धावू नका.

तारेवर बांधलेली अँटेना कपडे वाळत घालायला नाही, आई. लोखंडी पेटीच्या आत रेंज येत नाही म्हणून ती बाहेर काढलीय. सिमचा रिचार्ज मी करेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोटार आता लांबूनही सुरू होते. तुम्ही वायर उघडून बसलेले आणि इथून मी किंवा घरून आईने फोन लावला, तर? म्हणून मेन स्विच पाडायचा, किटकॅट, म्हणजे मेनचे फ्यूज, काढून खिशात घालायचे, आणि मगच हात लावायचा. खिशात म्हणजे खिशातच, पेटीवर ठेवायचे नाहीत. आम्हाला फोन करून सांगायचं ते वेगळं.

सौर वाहिनीमुळे दिवसा लाईट मिळेल तेव्हा मिळेल. तोवर रात्रपाळी आहेच, आणि ती घरातूनच करायची. पेटी फक्त आपल्या तिघांचे नंबर ओळखते. बाबांना बटणं दिसत नसतील तर आईने मिस्ड कॉल द्यावा. तिचा हात यात जास्त बसलाय, रविवारीच पाहिलं.

शनिवारी येते. येताना जास्तीचे फ्यूज आणि आईची गुडघ्याची गोळी आणते.

आणि रात्री परत बिननंबरचा मेसेज आला, तर मी त्याच मिनिटाला आईला उठवणार.

तुमची,
ताई