ऑपरेशन संपलं तरी पहिली रात्र बाकी असते

मा. संपादक,

बाळांच्या हार्ट ऑपरेशनची बातमी येते तेव्हा ऑपरेशन किती तास चाललं, भोक केवढं होतं, सर्जन कोण हे सगळं छापून येतं आणि शेवटी "बाळ सुखरूप". आम्ही आयसीयूवाले मात्र तेव्हा कुठे कामाला लागलेलो असतो, कारण नंतरच्या साधारण ६ ते १८ तासांत हृदयाचा जोर कमी पडायची भीती जास्त असते, आणि वैताग असा की तेव्हा बीपी बऱ्याचदा ठीकच दिसतं. शरीर हातापायाचं, पोटाचं रक्त आखडून मेंदूकडे वळवतं, त्यामुळे बीपी पडेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो.

मग बघायचं कशावरून? मोठ्या माणसाच्या हृदयात नळी घालून मोजता येतं, ३ किलोच्या बाळात ती मावणार कुठे, आणि सारखं रक्त काढावं तर अंगात रक्तच जेमतेम पाव लिटर. म्हणून बाळाच्या अंगावर सेन्सरचे स्टिकर लावतात, एक कपाळावर, एक कमरेच्या बाजूला किडनीच्या वर. त्यातून इन्फ्रारेड प्रकाश आत जातो. बोटाचा ऑक्सिमीटर फुफ्फुसातून रक्तात ऑक्सिजन किती चढला ते सांगतो, हे स्टिकर सांगतात की त्या भागाने वापरून झाल्यावर उरला किती. रक्त कमी पोचलं की उरलेला आकडा घसरतो, बहुतेकदा कमरेचा आधी. म्हणूनच फक्त कपाळावर एक लावून भागवणं मला पटत नाही.

आईवडील काचेतून तो आकडा बघत बसतात आणि शेजारच्या बेडशी तुलना करतात, ६५ का, त्याचा तर ७५ आहे! अहो, तशी तुलना होतच नाही, त्याच बाळाचा मघाशी किती होता आणि आता कुठे चाललाय हे बघायचं असतं. काही बाळांचं ऑपरेशन टप्प्याटप्प्याने असतं, त्यांचा तर बोटाचा आकडाही नेहमीपेक्षा कमी, ७५ ते ८५ च अपेक्षित असतो, पण हे पालकांना आधी कुणी सांगत नाही.

आणि मशीन लावलं म्हणून हात लावायचा नाही असं नसतं. पाय गार आहे का, असला तर घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, दाबलेली जागा २ सेकंदांत परत गुलाबी होते का, तासाला किलोमागे १ मिली लघवी होतेय का, म्हणजे ३ किलोच्या बाळाला अर्धा चमचा, तेवढी पिशवीत दिसली की बरं वाटतं. अर्थात नुसत्या हातावरही भरवसा नाही, हृदय किती रक्त पंप करतंय याचा अंदाज भल्या भल्या डॉक्टरांचा चुकतो, आणि स्टिकरही घामाने सुटतो, काविळीत गंडतो. सगळं एकत्रच वाचावं लागतं.

पुढच्या बातमीत या रात्रीबद्दल चार ओळी छापा एवढीच विनंती, आणि आयसीयूवाल्यांनीही पालकांना कोणता आकडा कशाचा ते पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, दोन मिनिटं लागतात.

आपली,
एक आयसीयू नर्स