थंडीतला व्यायाम आणि अंगालगतची लोकर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

थंडी पडू लागली की पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ‘भरपूर उबदार कपडे घाला’ असा सल्ला वृत्तपत्रांतून, आपल्या पत्रातूनही, दिला जातो. सल्ल्यामागची काळजी खरी आहे. परंतु इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत तीस वर्षे सूत आणि कापड तपासण्यात घालवल्यावर, आणि निवृत्तीनंतर बहुतेक पहाटा रंकाळ्यावर किंवा सायकलवर काढल्यावर, माझे असे मत झाले आहे की त्या सल्ल्यातला ‘भरपूर’ हा शब्दच व्यायाम करणाऱ्याला गारठवतो. त्याने किती कपडे घातले यापेक्षा त्याच्या कातडीला कोणता कपडा लागलेला आहे आणि वरचे कपडे तो केव्हा उतरवतो, यावर सारे अवलंबून असते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या काठाने एक फेरी मारून पाहावी. सुती बनियन, त्यावर सुती शर्ट, त्यावर जाडजूड स्वेटर, गळ्याला मफलर आणि डोक्याला कानटोपी असा जामानिमा करून मंडळी घरातून निघतात. पहिली दहा मिनिटे बरे वाटते. मग झपझप चालण्याने शरीर स्वतःच तापू लागते, त्या उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि बनियन घामाने चिंब होते. फेरी संपवून कट्ट्यावर गप्पांना बसले की तेच बनियन पाठीला गार चिकटते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे ध्यानात घेतले म्हणजे बाहेर जाड स्वेटर असूनही आत हुडहुडी का भरते ते कळते.

मी स्वतः हे पन्हाळ्याच्या उतारावर शिकलो. सहा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे शिवाजी पुलावरून सायकलने निघालो तेव्हा अंगात सुती बनियन आणि वर ‘शुद्ध लोकर’ अशी चिठ्ठी लावलेला नवा स्वेटर होता. वाघबीळची चढण संपेपर्यंत दोन्ही कपडे पिळून काढावेत इतके भिजले होते. वर चहा घेऊन लगेच उतरायला लागलो, आणि उतारावरचा वारा छातीत असा शिरला की बोटे बधिर होऊन ब्रेक नीट दाबता येईना. मला थांबून रस्त्याकडेच्या टपरीत अर्धा तास बसावे लागले. घरी आल्यावर त्या स्वेटरचा एक धागा काढून काडीने पेटवला. खरी लोकर पेटता पेटता विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि मागे राहिलेली काळी राख चिमटीत चुरडली जाते. माझा धागा वितळला आणि टोकाला कडक काळी गोळी झाली. तो निव्वळ अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा, स्वेटर होता.

अ‍ॅक्रिलिक वाईट असते असे मी म्हणत नाही. घरात बसायला ते पुरते आणि गरिबाला परवडते. पण त्याला लोकर म्हणून विकणे ही फसवणूक आहे, कारण व्यायामात ज्या गुणासाठी माणूस लोकरीचे पैसे मोजतो तो गुण त्यात नाही. हा गुण नेमका कोणता, हे सांगायला हवे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के ओलावा पोटात बाळगतो, कापूस ७-८ टक्के आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. आर्द्रता वाढत गेली की लोकर ३० टक्क्यांच्याही वर वाफ सामावून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. यात विरोधाभास वाटेल, पण तंतूची रचनाच तशी आहे: त्याचा पृष्ठभाग स्निग्ध असल्याने द्रव पाणी त्याला सहज धरत नाही, वाफ मात्र आतल्या भागात शिरते. म्हणजे घाम थेंब होण्याआधी, वाफेच्या रूपातच, अंगावरून उचलला जातो. ओलावा शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते. शिवाय तिच्या तंतूला नैसर्गिक नागमोडी असते, ती ओलसर झाल्यावरही फारशी मोडत नाही, आणि त्या नागमोडीत अडकलेली हवा हीच खरी ऊब. कापसाचे याच्या उलट होते. त्याचा पृष्ठभागच पाणी ओढतो, ते तंतूंच्या मधल्या जागेत पसरते, कापड लोळागोळा होऊन कातडीला चिकटते आणि हवेची जागा पाणी घेते.

तेव्हा कोणी म्हणेल की मग आपल्या धनगरांची घोंगडी काय वाईट! मुळीच वाईट नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत खांद्यावर घोंगडी टाकून आलेले धनगर ज्यांनी पाहिले आहेत, किंवा भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे उभा राहिलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना भिजलेल्या लोकरीतही ऊब राहते हे कोणी शिकवायला नको. दख्खनी मेंढीची ती लोकर, सणगरांनी मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली, वारा आणि पाऊस अडवण्यासाठीच घडलेली आहे. पण ती कातडीलगत घालता येत नाही, याचे कारण जाडी. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण ३० मायक्रॉनच्या वरच्या तंतूंची टोके कातडीत रुतताना वाकत नाहीत, म्हणून ती टोचतात. मेरिनो मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या खाली असते आणि अंगालगतच्या चांगल्या कपड्यात १७ ते १९ मायक्रॉनची वापरतात. तिचे टोक कातडीला लागताच वाकते. आपल्याकडेही कोकराच्या पहिल्या कातरणीच्या जावळाची घोंगडी मऊ म्हणून मोलाची मानतात, ते याच कारणाने. ‘मला लोकर सोसत नाही’ असे म्हणणाऱ्या कित्येकांना लोकर नव्हे, तिची जाडी सोसत नसते.

आता कोल्हापुरात नेमके काय घालावे. आपली थंडी काही हाडे गोठवणारी नाही; जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असते, काही दिवस त्याच्याही खाली जाते. वारा नसलेल्या पहाटे जड गार हवा सखल भागात साचते, त्यामुळे पंचगंगेच्या काठच्या उसाच्या फडांतून जाणाऱ्या रस्त्यावर कधी कधी उंचावरच्या पन्हाळ्यापेक्षाही जास्त गारठा लागतो. नदीकाठाने पळणाऱ्यांना याचा अनुभव असेल. तरीही एवढ्या थंडीत पळणाऱ्याला १५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा, अंगाला बेताचा बसणारा मेरिनोचा एक पूर्ण बाह्यांचा सदरा पुरेसा आहे. त्यावर स्वेटर चढवू नये. निघताना पाच मिनिटे थोडे गार वाटलेच पाहिजे; घराच्या दारातच उबदार वाटले तर कपडा जास्त झाला असे समजावे.

रमतगमत चालणाऱ्या ज्येष्ठांची गोष्ट वेगळी आहे. वयोमानाने शरीर उष्णता कमी निर्माण करते, म्हणून त्यांनी तोच पातळ सदरा घालून वर पुढून उघडणारा हाफ स्वेटर घ्यावा. डोक्यातून काढायचा स्वेटर नको, कारण तो वाटेत कोणी काढत नाही आणि घामाघूम होऊनही अंगात तसाच ठेवतो. बटणे किंवा चेन असली की चालता चालता उघडता येते. कानटोपी जरूर घालावी, परंतु शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत चुकीची आहे. डोक्यातून जाणारी उष्णता साधारण त्याच्या आकारमानाच्या प्रमाणातच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास असते. छाती वाऱ्यावर टाकून नुसते कान बांधण्यात अर्थ नाही.

सायकलवाल्यांना तिसरी वस्तू हवीच, ती म्हणजे वारा अडवणारे पातळ विंडचीटर. विणलेली लोकर कितीही चांगली असली तरी तिच्या टाक्यांतून वारा आरपार जातो, हा तिचा दोष मान्य केला पाहिजे. चढावर ते विंडचीटर पाठीच्या खिशात घडी करून ठेवावे, आणि चढ संपताच, घाम गार व्हायच्या आत, चहाच्याही आधी, अंगात घालावे. मी त्या पहाटे एवढे केले असते तरी टपरीत बसायची वेळ आली नसती. माझे आजोबा तालमीत जात, आणि मेहनत झाली की उघड्या वाऱ्यात न थांबता अंगावर कांबळे ओढून बसायचे, हा त्यांच्या वस्तादांचा दंडक होता. थरांचे शास्त्र म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. मेहनत चालू असताना कमी कपडा, मेहनत थांबताक्षणी जास्त.

मला खरी चिंता वाटते ती हिवाळी सुट्टीत हिमालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींची. उत्तराखंडातले केदारकंठा शिखर साडेबारा हजार फुटांच्या आसपास आहे, आणि उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. तिथे निघालेल्या एका तुकडीच्या पिशव्या मी पाहिल्या आहेत. बाहेरची भाड्याची जाकिटे उत्तम होती आणि आत प्रत्येकाचे सुती टी-शर्ट आणि जीनची विजार. कोल्हापुरात जी चूक फार तर सर्दीवर भागते, ती बर्फात जिवावर बेतू शकते. तिथे अंगालगत २०० जीएसएमच्या आसपासची मेरिनो, वर आणि खालीही; त्यावर जरा सैल लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरच्या लवदार कापडाचा कपडा; त्यावर वारा आणि बर्फ अडवणारे कवच; आणि पिसांचे जाड जाकीट फक्त थांबल्यावर घालायला, चढताना नव्हे. अंगालगतचा एक कोरडा जोड झोपण्यासाठी राखून ठेवावा आणि तो दिवसा कितीही मोह झाला तरी घालू नये. मोजे लोकरीचेच असावेत, पण त्यांत थोडे नायलॉन मिसळलेले हवे, नाहीतर ते टाचेला लवकर विरतात. एकावर एक दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्ताभिसरण अडते आणि पाय उलट जास्त गारठतात.

थरांची ही कल्पना नव्या कंपन्यांनी काढलेली नाही. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसे झालेल्या जॉर्ज मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावर रेशमी, सुती आणि लोकरी कपड्यांचे पातळ पातळ थर आणि सर्वांत बाहेर दाट विणीचे गॅबर्डीन होते. शंभर वर्षांपूर्वीच्या गिर्यारोहकांनाही एका जाड कपड्यापेक्षा अनेक पातळ कपड्यांवर अधिक विश्वास होता.

मेरिनो महाग आहे, हे मी लपवत नाही. पातळ सदरा खरखरीत पिशवीच्या पट्ट्याखाली घासून विरतो, आणि पूर्ण भिजला तर पॉलिस्टरपेक्षा सावकाश वाळतो. ज्याला तो परवडत नाही त्याने खेळाचा साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगालगत घालावा. त्याला वास लवकर येतो, पण सुती बनियनपेक्षा तो शतपटीने बरा. ज्याला एकच लोकरी वस्तू घेता येईल त्याने स्वेटर न घेता आतला सदरा घ्यावा. घामाचा वास लोकरीत लवकर धरत नाही, त्यामुळे दोन-तीन पहाटा तो नुसता सावलीत वाऱ्यावर टाकून पुन्हा घालता येतो.

धुण्याची मात्र काळजी हवी. लोकर हे केसाप्रमाणेच प्रथिन आहे आणि डाग काढण्यासाठी एन्झाइम घातलेली धुण्याची पावडर प्रथिनांवरच काम करते, म्हणून ती वापरू नये. गरम पाणी आणि घासणे यांनी तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा होतो. गार पाण्यात लोकरीसाठीच्या सौम्य द्रावणाने धुऊन, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि आडवा पसरून वाळवावा. आपल्या पावसाळ्यापूर्वी तो धुऊन, पूर्ण कोरडा करून, बंद पिशवीत डांबरगोळ्यांसह ठेवावा. कसरीला घामट लोकर विशेष आवडते.

शेवटी शहरातल्या कपडे विक्रेत्यांना आपल्या पत्राद्वारे एक विनंती आहे. ‘वुलन’ एवढाच शब्द कपड्यावर न लिहिता त्यात लोकर किती टक्के आणि अ‍ॅक्रिलिक किती टक्के, ते ग्राहकाला दिसेल असे लिहावे. ग्राहकांनीही ते विचारल्याशिवाय खरेदी करू नये, आणि लोकरीची खात्री देणारे, १९६४ पासून वापरात असलेले वुलमार्कचे चिन्ह शिवलेल्या पट्टीवर आहे की नाही ते पाहावे. ते चिन्ह नसेल तर कपड्याच्या आतल्या शिवणीतून निघणारा एक धागा मागून घ्यावा आणि दुकानाबाहेर काडी लावून पाहावा. विक्रेता प्रामाणिक असेल तर तो धागा देण्यास नकार देणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कापड-तपासनीस,
कोल्हापूर