कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नोटिशीपाशी अडतो: महिला व बाल विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र शासन

महोदय,

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. बाई माहेरी येऊन राहिली असेल तर तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी आणि 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच सांगतो. तरीही अनेक प्रकरणांत पहिले काही महिने सासरच्यांना नोटीस पोहोचवण्यातच जातात. हे काम संरक्षण अधिकाऱ्याचे, म्हणजे या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे आहे आणि तो अधिकारी आपल्या विभागाचा आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

कलम 13 नुसार नोटीस दोन दिवसांत बजावायची असते. पण कार्यालयाला गाडी नाही, प्रवासाचे बिल कधी निघेल याचा भरवसा नाही. मग नोटीस टपालाने पोलीस ठाण्यात जाते, बंदोबस्तात पडून राहते आणि ‘घर बंद, इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. कोर्ट पुढची तारीख देते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. वास्तविक याच कायद्याखालच्या नियमावलीतील नियम 12 मध्ये यावर उपाय दिलेला आहे. त्या वेळी घरात जो कोणी जबाबदार माणूस असेल त्याच्याकडे नोटीस द्यावी, ते शक्य नसेल तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवावी. नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणीही ती बजावता येते. तेव्हा आपल्या विभागाने परिपत्रक काढून स्पष्ट सांगावे, की घर बंद दिसले तर त्याच फेरीत नोटीस दारावर चिकटवायची, पोलीस पाटलासमोर पंचनामा करायचा, तारीख-वेळेसह फोटो काढायचा आणि अहवाल पुढच्या तारखेआधी कोर्टात द्यायचा. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला प्रवासाची अग्रीम रक्कम हाताशी हवी. एवढी एक गोष्ट झाली तरी बाईच्या कितीतरी खेपा वाचतील.

दुसरी अडचण कौटुंबिक घटना अहवालाची, म्हणजे डीआयआरची. नमुना 1 मध्ये प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा आणि कोणी काय केले हे लिहिण्याची सोय आहे. भरून येतो तो मात्र ‘सासरचे लोक शारीरिक व मानसिक त्रास देतात’ अशा एका ओळीत. कलम 23 खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो, पण एवढ्या एका ओळीवर कोणते न्यायाधीश तो देतील? मारहाणीनंतर कोणत्या दवाखान्यात नेले, केसपेपर आहे का, शेजारी कोण होते, हे विचारून लिहावे लागते. नवरा कुठे नोकरीला आहे हे लिहिले असेल तर कलम 20 खाली पोटगी थेट पगारातून कापून देण्याचा आदेश मालकाला करता येतो. शेती असेल तर सातबाऱ्याचा गट नंबर हवा. स्त्रीधनाची यादी वजनासह आणि लग्नातल्या फोटोंसह जोडायला हवी. असा अहवाल लिहायला निवांत दोन तास लागतात. अंगणवाड्यांचा कारभार सांभाळून ‘अतिरिक्त कार्यभार’ ओढणाऱ्या अधिकाऱ्याला ते दोन तास मिळत नाहीत, आणि त्यात त्या अधिकाऱ्याचा दोष नाही.

घराचेही तसेच. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. पण अर्जात ‘सासरचे राहते घर’ एवढेच लिहिले तर आदेशाची अंमलबजावणी कोणत्या दारावर करायची? ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चा (घराच्या नोंदीचा) उतारा, घर क्रमांक आणि चतुःसीमा पहिल्याच दिवशी घ्यायला हवी. घर विकू नये असा आदेश झाला, तर त्याची प्रत ग्रामपंचायत आणि दुय्यम निबंधक या दोन्ही कार्यालयांत त्याच आठवड्यात पोहोचली पाहिजे. उशीर झाला की मध्येच बक्षीसपत्र होते आणि बाई पुढे दिवाणी कोर्टात अडकते.

कलम 18 चा संरक्षण आदेश, म्हणजे बाईला त्रास देण्यास मनाई करणारा कोर्टाचा आदेश, मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी रात्री दारावर लाथा बसत असताना 112 ला फोन केलेल्या बाईला ठाण्यात ऐकावे लागते, ‘कोर्टातले प्रकरण आहे, कोर्टात जा.’ आदेशाची प्रत ठाण्याला विनामूल्य देण्याची तरतूद कलम 24 मध्ये आहे. ती प्रत ठाणे अंमलदाराच्या हाती देऊन पोच घेणे आणि बाईलाही एक प्रत देणे हे कामाचा भाग म्हणून लेखी ठरवून द्या. हिंसाचार सोसलेल्या महिलांना आसरा देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येते. नोटीस पाच दिवसांत बजावली गेली नाही, तर ती बाई त्याच घरी परत जाते, हा संबंध विभागाने लक्षात घ्यावा.

जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सर्व राज्यांना दिले. जुन्याच अधिकाऱ्याच्या नावापुढे आणखी एक पदनाम लावल्याने ते पुरे होणार नाहीत. पूर्णवेळ माणूस द्या, सोबत एक लेखनिक द्या. नाव आणि मोबाईल क्रमांकाचा फलक प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एसटी स्टँडवर लावा.

ऊसतोड कामगार बायकांचा विचार आम्ही मुद्दाम वेगळा मांडतो. हंगामाचे पाच-सहा महिने त्या बीड, अहिल्यानगरहून दूरच्या साखर कारखान्यांवर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहतात. तात्पुरता मुक्काम असेल तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, पण हे त्यांना कोणी सांगत नाही आणि नोटीस मूळ गावच्या कुलूपबंद घरी जाते. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळ्या आणि मुकादमांच्या याद्या असतात. गाळप सुरू होताच त्या यादीची प्रत तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे देणे कारखान्यांना बंधनकारक करा आणि महिन्यातून एक दिवस अधिकाऱ्याने तळावर बसावे, असा आदेश येत्या हंगामाआधी काढा.

आपले,
तालुका न्यायालयांत महिलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशक आणि वकील