साखरपुड्यानंतर आधी माणसांची यादी, मग कार्यालय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साखरपुडा झाला की दोन्हीकडची मंडळी लगेच कार्यालयं बघायला निघतात. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘माणसं किती?’ आणि उत्तर जातं, ‘असतील चार-पाचशे.’ या अंदाजावर हॉल ठरतो, पानांचा आकडा ठरतो आणि आगाऊ रक्कमही भरली जाते. खर्च हाताबाहेर जातो तो बहुतेक वेळा इथेच. म्हणून लग्नघरांना कळकळीची विनंती, पहिले आठ दिवस फक्त यादीला द्या.

यादी कुटुंबांची नको, माणसांची हवी. ‘मामा आणि मंडळी’ यात तिघं की नऊजण, हे केटररला कळत नाही. प्रत्येक नावापुढे चार रकाने आखा: सीमांतपूजन, मुक्काम, लग्नाचं जेवण, फक्त स्वागत समारंभ. मग दिसतं की निमंत्रणं पाचशेंना असली तरी आदल्या रात्री जेवायला दीडशे आणि मुक्कामाला साठच आहेत. मुक्कामाच्या खोल्या, नाश्ता, गाड्या हे सगळं या रकान्यांवरून ठरतं. खर्च कोणी कोणता करायचा, हेही याच बैठकीत कागदावर लिहून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सही करावी. तोंडी ‘निम्मं-निम्मं’ ठरलं की पुढे सजावट निम्म्यात धरायची की नाही, यावरून मनं दुखावतात.

तारखेचे तीन पर्याय हाताशी ठेवा. एकाच मुहूर्ताला अडून बसलं तर मिळेल ते कार्यालय मिळेल त्या भाड्याने घ्यावं लागतं. चातुर्मास तर माहीत असतो, पण अधिक मास पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असल्याने सुट्टीतले मुहूर्त मेच्या पहिल्या पंधरवड्यातच एकवटतात. काढीव मुहूर्त, म्हणजे पंचांगातल्या नेहमीच्या मुहूर्तांबाहेर गुरुजींनी काढून दिलेला, चालत असेल, तर गुरुजींना तसं आधीच सांगा. त्या दिवशी चांगली कार्यालयंही मोकळी सापडतात.

कार्यालयाचा करार घाईत वाचू नका. ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा, हे तासांत लिहून घ्या. आदल्या संध्याकाळी तिथे दुसऱ्यांचं रिसेप्शन असेल, तर सजावटवाल्याला स्टेज मध्यरात्रीनंतर मिळतं आणि सकाळच्या मुहूर्ताला फुलं अर्धवट राहतात. सीमांतपूजन तिथेच करायचं असेल, तर आदली संध्याकाळ भाड्यात धरली आहे का ते विचारा. वीज मीटरप्रमाणे असेल, तर ताबा घेताना आणि सोडताना रीडिंगचा फोटो काढा. जनरेटरचा तासाचा दर, साफसफाई, जीएसटी, बाहेरचा केटरर आणल्यास द्यावी लागणारी रॉयल्टी हे आकडे सुरुवातीला कोणी आपणहून सांगत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुतक आलं तर तारीख पुढे नेता येईल का आणि किती रक्कम कापली जाईल, हे करारात हवंच. हा प्रश्न शुभकार्यात विचारायचा संकोच वाटतो, आणि नेमका तोच पैशाला सर्वांत महाग पडतो.

केटररशी दोन आकडे ठरवा. एक, हमीची पानं. तेवढ्यांचे पैसे द्यावेच लागतात. दुसरा, वाढीव पानाचा दर. यादीत ३५० जण येणार असतील, तर हमी ३२० ची द्यावी आणि तयारी त्याहून दहा टक्के जास्त ठेवायला सांगावी. अंतिम आकडा कळवायची तारीखही लिहून घ्या. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर, गुरुजी यांची पंचवीस-तीस पानं हमखास मोजायची राहतात. जेवणावेळी ताटं मोजायला घरचा एक जाणता माणूस केटररच्या माणसाबरोबर उभा हवा, नाहीतर बिलावरून वाद ठरलेला.

कायद्याचंही आत्ताच पाहा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल, तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं नोटिशीआधीचे किमान ३० दिवस वास्तव्य लागतं. धार्मिक विधीने लग्न झालं तरी महाराष्ट्रात ९० दिवसांत नोंदणी करायची असते. तिथे तीन साक्षीदार लागतात, गुरुजींची सही लागते आणि लग्नपत्रिकाही मागतात. म्हणून पत्रिकेत वधूवरांची नावं आधार आणि शाळेच्या दाखल्यावर आहेत तशीच छापा. लाडाचं नाव हवं असेल तर कंसात.

हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. स्वखुशीने मिळालेल्या भेटींचीही लेखी यादी १९८५ च्या नियमांनुसार ठेवायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं एवढं त्यात लिहून वधूवर दोघांनी सही करायची. वधूच्या भेटींची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची, वराच्या भेटींची वराने. ती लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करायची असते, म्हणून वही आणि लिहिणारं माणूस आधीच ठरवून ठेवा.

— मंगल कार्यालय व केटरिंग व्यवसायातील काही वाचक, पुणे