शिक्षकांची कुचंबणा आणि आमची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत निवृत्त मुख्याध्यापकांचा लेख वाचला. एड्सवर वर्गात बोलताना शिक्षकांची फार कुचंबणा होते, पालक भांडायला येतात, तेव्हा समाजानं त्यांना समजून घ्यावं म्हणे. घेतलं समजून. आता जरा आमचंही ऐका.

माझ्या बहिणीचा मुलगा माझ्याकडे असतो, आठवीत आहे. त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. शाळेत कुणाला ठाऊक नाही आणि मी सांगणारही नाही. गोळ्या आणायला जिल्ह्याच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, जायचं असलं की रजेच्या अर्जात मी पोटदुखी लिहिते.

१ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, शाळेत रिवाजाप्रमाणे प्रभातफेरी निघाली, लाल फितीची रांगोळी निघाली, पहिला नंबरही काढला. नंतर विज्ञानाचे सर वर्गात बोलले. वाईट संगत धरू नका, चारित्र्य जपा, पाप केलं की हा रोग होतो. एका पोरानं विचारलं, डास चावून होतो का? ‘नाही’ एवढं म्हणायचं होतं. सर म्हणाले, काळजी घेतलेली बरी! आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आरोग्य व रोग’ हा पाठ आहे, त्यात एड्स आहे. तो सरांनी स्वतः एकदा वाचावा.

आमचा पोरगा घरी येऊन म्हणाला, "मावशी, सरांनी लागण होण्याचे तीनच मार्ग सांगितले. चौथा सोडला."

चौथा म्हणजे आईकडून बाळाला. यात लाजण्यासारखं काय आहे, हे मुख्याध्यापक महोदयांनी मला सांगावं. कंडोम हा शब्द उच्चारताना सरांचा घसा सुकतो, ठीक आहे. पण गरोदरपणी रक्त तपासून घ्या, हे आठवीतल्या मुलींना सांगायला कोणता पालक आडवा येतो? उपचार मिळाले नाहीत तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते, वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. माझ्या बहिणीची गरोदरपणी तपासणीच झाली नाही. तिनं केलेलं पाप म्हणजे लग्न. तिच्या पोरानं तर तेही केलेलं नाही, आणि तो तिसऱ्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होता.

शाळेत जाऊन तक्रार करा, असं कुणी म्हणेल. कशी करू? तुम्हाला एवढं का झोंबलं, हा पहिला प्रश्न येणार आणि संध्याकाळपर्यंत गावाला उत्तर मिळणार. कायदा आहे, माहीत आहे. एचआयव्ही-एड्सचा, २०१७ चा. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करायची नाही, शाळेत भेदभाव करायचा नाही. पण ज्या वर्गाला डासाची काळजी घ्यायला शिकवलंय, त्यातली पोरं उद्या त्याच्या शेजारी डबा खातील का? तो रोज गोळी घेतो, रक्तातला विषाणू चाचणीत दिसत नाही इतका कमी आहे. सेंटरमधल्या समुपदेशक ताई हे दहा मिनिटांत, न लाजता, समजावून सांगतात. १ डिसेंबरला अशा एखाद्या ताईंना बोलवा आणि सरांनाही मुलांबरोबर खाली बसवा.

लेखात सरकारला दोष दिलाय, तेवढा मला पटला. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या, म्हणजे लैंगिक शिक्षणाच्या, पुस्तिकांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यानं तो कार्यक्रमच थांबवला. तेव्हा शाळेत असलेली पोरं आज शिक्षक झाली असतील. त्यांना कोण शिकवणार होतं?

जाता जाता, तुमच्याविषयी. ज्या पानावर हा लेख छापला, त्याच पानाच्या तळाशी ‘गुप्तरोगावर हमखास इलाज, एकदा भेटा’ अशी चौकट आहे. अशा जाहिरातींना १९५४ सालच्या कायद्यानं मनाई आहे. शिक्षकांची कुचंबणा मी समजून घेतली, तुमच्या जाहिरात विभागाची काय कुचंबणा आहे तेही एकदा छापा.

आपली,
एक वाचक, सांगली जिल्हा
(नाव आणि गाव कृपया छापू नये. कारण वर लिहिलंच आहे.)