हळदीचा खरा पिवळा दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, पाठीवर जड सॅक आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अल्बमचं एक पान घेऊन कराडहून एक बाई पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या तुमच्या लॅपटॉपच्या दुकानात आली होती. आठवते का? ती मी. निघताना तुम्ही बजावलं होतंत, "माझं नाव-बिव कुठं टाकू नका." म्हणून नाव टाकत नाही. पण हे आभार मला चार लोकांत मानायचे आहेत, कारण लॅपटॉप निवडताना मी ज्या घोळात अडकले होते त्यात आजही कितीतरी जण अडकलेले असतील.

माझी कामं दोन. दिवसा करसल्लागारांच्या ऑफिसात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि जीएसटीची रिटर्न्स. २० तारीख जवळ आली की ते काम घरापर्यंत येतंच. आणि धाकटा भाऊ लग्नाचे फोटो काढतो, ते रात्री बसून मी एडिट करते. दोन्ही कामांना लॅपटॉप एकच, आणि तो रोज माझ्यासोबत एसटीनं ये-जा करतो. जुना लॅपटॉप एकदा वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिला होता: २ किलो ३०० ग्रॅम. चार्जर धरला तर पावणेतीन किलोच्या जवळ. डबा आणि पाण्याची बाटली वेगळीच. उभ्यानं प्रवास करावा लागला की उजवा खांदा रात्री झोपू द्यायचा नाही.

पण मी तुमच्याकडे आले ती खांद्यामुळे नव्हे. एप्रिलमध्ये एका लग्नाचा अल्बम छापून आला. नवरीच्या आईनं हळदीचं पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "माझी पोर अशी दिसते होय?" चेहरा नारिंगी झाला होता, हळद डोळ्यांत खुपत होती आणि चुड्याचा हिरवा रंग प्लॅस्टिकसारखा दिसत होता. माझ्या स्क्रीनवर तर सगळं ठीक होतं! मी तडक अल्बम छापणाऱ्या लॅबवाल्यांना फोन लावला आणि नको नको ते बोलले.

भाऊ म्हणाला, लॅपटॉपच बदलू. भिशीचे ४५ हजार हातात होते. एका मोठ्या दुकानात गेलो, तर तिथल्या मुलानं "फोटो एडिटिंग" एवढं ऐकलं आणि सरळ गेमिंग लॅपटॉपसमोर नेऊन उभं केलं. किंमत सत्तर हजारांच्या पुढे, वजन जुन्याइतकंच आणि चार्जर तर विटेएवढा. हप्ते पाडून देतो म्हणाला. खरं सांगते काका, मी सही करायच्या बेतात होते. भावाच्या एका मित्रानं तुमचं दुकान सांगितलं म्हणून थांबले.

सगळीकडे पहिला प्रश्न असायचा, बजेट किती? तुम्ही स्टूल पुढे केलंत आणि म्हणालात, "दिवसभरात काय काय करता ते सांगा." मग एका लग्नाचे किती फोटो, रॉ (कॅमेऱ्यातली मोठी, कच्ची फाइल) काढता की जेपेग, ऑफिसचं कोणतं सॉफ्टवेअर, बसमध्ये लॅपटॉप उघडता का, घरी ट्यूबखाली बसता की खिडकीशी, सगळं विचारलंत. मी अल्बमचं पान दाखवून लॅबची तक्रार सुरू केली, तेव्हा काही बोलला नाहीत. माझ्याकडून पेनड्राइव्ह घेतलात, हळदीचा तोच फोटो माझ्या लॅपटॉपवर उघडलात, शेजारी तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर उघडलात आणि मधे छापील पान उभं धरलंत.

तो क्षण मी विसरणार नाही. तुमच्या स्क्रीनवर नवरीचा चेहरा अगदी कागदावरच्यासारखाच नारिंगी होता. लॅबनं मी पाठवलं तेच छापलं होतं. माझी स्क्रीनच रंग फिका दाखवायची, म्हणून मी रात्र रात्र बसून सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवत होते. वर माझ्या लॅपटॉपचं झाकण तुम्ही बोटभर मागे ढकललंत, तर तोच चेहरा उजळला. पुढे ओढलंत, तर काळवंडला. पाच वर्षं मी असल्या आरशात बघून लोकांच्या लेकीबाळींचे चेहरे रंगवत होते. मला रडू येईल असं वाटलं. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात आणि म्हणालात, "ताई, तुमच्या डोळ्यांत खोट नाही. खोट काचेत आहे."

मग तुम्ही कागद घेऊन जे समजावलंत, तो कागद मी जपून ठेवला आहे. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं. स्क्रीन किती रंग दाखवू शकते, त्याचं हे एक माप. लॅब आणि मोबाइल सहसा ज्या रंगांच्या मापानं चालतात ते एसआरजीबी, आणि त्या मापाची पूर्ण स्क्रीन म्हणजे साधारण ७२ टक्के एनटीएससी. म्हणजे ४५ वाली स्क्रीन त्यातले साठ-पासष्ट टक्के रंगच दाखवू शकते. पत्रं लिहायला, टॅलीला काही अडत नाही. हळद-कुंकू, शालू, चुडा असले भडक रंग मात्र तिला पेलतच नाहीत. आणि गेमिंग लॅपटॉपातलं ग्राफिक्स कार्ड कितीही महाग घेतलं तरी स्क्रीन तीच राहते. माझ्या कामाला, म्हणजे उजेड-सावली, रंग आणि कापणं एवढ्याला, १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी प्रोसेसर पुरतो हे तुम्ही सांगितलंत. एआयनं नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोंतले दाणे, काढायचं काम रोजचं असेल तर मात्र कार्डाशिवाय खूप वेळ लागेल, हेही लपवलं नाहीत.

मॅकबुक एअरचं मीच विचारलं होतं, अ‍ॅपलची जुनी, एम१ चिपवाली. तुम्ही म्हणालात, स्क्रीन देखणी आहे, वजन १.२९ किलो, पंखाही नाही; पण तुमची टॅली तिच्यावर थेट चालायची नाही, आणि ८ जीबीवाली घेतली तर रॅम पुढे वाढवता येत नाही. विषय तिथंच संपला. नव्या लॅपटॉपांत माझ्या पैशांत हलके होते, पण नेमके ४५ टक्केवाले.

शेवटी तुम्ही आतून लेनोवोचे तीन थिंकपॅड टी१४ लॅपटॉप आणलेत, कंपन्यांतून वापरून निघालेले, इंटेलच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरचे. दिसायला तिळे भाऊ. तिन्हींवर हळदीचा तोच फोटो लावलात, तर दोन फिके आणि एक खरा! मॉडेलचं नाव एकच, पण कंपनी त्यात वेगवेगळ्या स्क्रीन बसवते, हे मला कोणत्या जाहिरातीनं सांगितलं असतं? फिके दोन लॅपटॉप तुम्ही मला मागूनही दिले नसतेत. तिसऱ्याची स्क्रीन ४०० निट्सची (निट्स म्हणजे उजळपणाचं माप), शिवाय चकाकी नसलेली, त्यामुळे एसटीच्या खिडकीशी बसूनही आकडे वाचता येतात. वजन दीड किलोच्या आतबाहेर. टाइप-सी चार्जर मुठीएवढा, त्यावरच मोबाइलही चार्ज होतो.

तुम्ही त्याचे दोष आधी सांगितलेत. काळ्या खिडकीत कमांड टाइप करून बॅटरीचा रिपोर्ट काढलात आणि माझ्यासमोर वाचलात: नवी असताना क्षमता ५० वॉट-तास, आता ४१. "दीड-दोन वर्षांत बदलावी लागेल, त्याचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा." एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी आतली डिस्क, किती तास चालली आहे ते दाखवलंत. बिजागऱ्या दहा वेळा उघडबंद करून पाहिल्यात. झाकणावरचा ओरखडा मला दिसलाही नव्हता, तो बोट ठेवून दाखवलात. ८ जीबी रॅम बोर्डावरच पक्की होती, एक जागा मोकळी होती. तिथं आणखी ८ ची पट्टी बसवलीत. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, म्हणून ११ घालून दिलंत. पक्कं बिल, सहा महिन्यांची हमी, सगळं मिळून साडेएकतीस हजार. उरलेल्या पैशांचं काय करू विचारलं, तर दुसरं काही विकलं नाहीत. म्हणालात, एक बाहेरची हार्डडिस्क घ्या, लोकांच्या लग्नाचे फोटो एकाच जागी ठेवू नका.

आणि दारापर्यंत येऊन सांगितलेली ती गोष्ट! एडिट करताना रात्रीचा पिवळसर प्रकाश, नाइट लाइट, बंद ठेवा. मी डोळ्यांना बरं वाटतं म्हणून तो कधीकधी लावून बसायचे आणि मग पिवळेपणा घालवायला त्या रात्रीचे फोटो निळे करत जायचे.

घरी आल्यावर पहिलं काम लॅबवाल्यांना भेटून माफी मागण्याचं केलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. मग तो सगळा अल्बम पहिल्यापासून एडिट केला. फोटो ७०० होते, बारा रात्री लागल्या. दुसऱ्यांदा छापायचा खर्च मीच केला. नवरीच्या आई काही म्हणाल्या नाहीत. हळदीच्या पानावरून नुसता हात फिरवला आणि नवरीला हाक मारून बोलावलं.

आता सॅक पाठीवर असून नसल्यासारखी वाटते. पण मुख्य म्हणजे रात्री अकरा वाजता एखाद्या अनोळखी मुलीच्या गालावरची हळद बघताना मनात शंका नसते. ही निश्चिंती तुम्ही दिलीत, काका. शनिवारची गर्दी बाजूला ठेवून एका अनोळखी बाईसाठी तुम्ही दीड तास घालवलात, आणि पैशापाण्याचा विषय मीच काढेपर्यंत काढला नाहीत. तुमचे उपकार मी शब्दांत किती मांडू?

हे पत्र वाचाल तोवर कुरियरनं एक पाकीट दुकानात आलेलं असेल. त्यात हळदीचं नवं पान आहे, नवरीच्या घरच्यांना विचारूनच पाठवते आहे. सोबत पेनड्राइव्हवर तोच फोटो आहे. टेबलावरच्या लॅपटॉपवर उघडा आणि त्या दिवशी धरलंत तसं पान शेजारी धरून बघा. कुठे फरक दिसला तर नि:संकोच कळवा, मी पुन्हा बसेन.

तुमची कृतज्ञ,
कराडची ताई