सात पूर्णांक एक

नाशिक,
१२ फेब्रुवारी

प्रिय वैजू,

परवा तुझा फोन दोनदा कट केला, रागावू नकोस. मी गंगापूर रोडच्या दवाखान्यात टेबलावर होते. नंतर बोलायचं त्राण उरलं नाही, म्हणून पत्र.

सध्या आमच्या घरात सगळं मिलिमीटरात चाललंय. दिंडोरीला सासरे द्राक्षाचा मणी मोजतात, १८ भरला की एक्स्पोर्टचा. इथे डॉक्टर माझ्या गर्भाशयाचं अस्तर मोजतात, ७ भरलं की ट्रान्सफर, म्हणजे आयव्हीएफचा गर्भ आत सोडायचा. आधी दोनदा साडेपाचावर अडलं आणि उपचाराच्या दोन्ही फेऱ्या रद्द झाल्या. तीन वर्षांपूर्वी पिशवी साफ केली होती, आठवतं? तू घरी काहीतरी थाप मारून रात्रभर माझ्याजवळ बसली होतीस. त्याचेच व्रण असावेत, असं डॉक्टरांना वाटतं. गर्भाशयाच्या टीबीचीही तपासणी झाली, तो निघाला नाही.

तर या वेळी पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, केलं. नाव भारदस्त, काम साधं. हातातून वीसेक मिली रक्त घेतात, गोठू नये म्हणून औषध घालून यंत्रात गरगर फिरवतात. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो. त्यातला प्लेटलेटनी दाटलेला भाग, जेमतेम एक मिली, बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. जखम झाली की प्लेटलेट धावून येतात ना, त्यांच्यातल्याच द्रव्यांनी नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, अस्तर वाढावं, ही आशा. भूल लागत नाही. पाळीत दुखतं तेवढं दुखलं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. सासूबाईंना वाटलं बरंच रक्त काढलं. तेव्हापासून रोज ताटात बीट!

'याने होतं का?' मी सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, २०१५ साली चीनमधल्या पाच बायकांवरचा पहिला अहवाल आला, पाचही जणींना दिवस राहिले. मी हुरळले, तर त्याच पुढे म्हणाल्या, पाचांवरून काही ठरत नाही, युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्येही याची शिफारस केलेली नाही. आधी एका ठिकाणी 'हमखास' हा शब्द ऐकून मी उठून आले होते. या बाईंनी 'खात्री नाही' म्हटलं आणि मी सही केली. आहे की नाही उफराटं?

काल सोनोग्राफीत ७.१! अस्तर चांगलं असलं की दिसतात त्या तीन रेघाही स्वच्छ. पण या वेळी अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गोळ्याही वाढवल्या होत्या गं. मग हे कशाने झालं? सचिन म्हणतो, कशाने का होईना. मला ते टोचतं. उद्या वेटिंगमध्ये एखादीने विचारलं, 'करू का?', तर तिला काय सांगू?

आजपासून प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं. १७ तारखेला ट्रान्सफर, रक्ताची तपासणी मार्च उजाडल्यावर. तोवर 'काय गं, काही कळलं?' एवढं विचारू नकोस. बाकी काहीही बोल, तुमच्या सोसायटीतलं पाण्याचं भांडण पहिल्यापासून सांग.

रविवारी द्राक्षांची पेटी पाठवतेय. १६ च्या मण्यांची आहे, एक्स्पोर्टमधून बाद झालेली. धुऊन खा.

तुझीच,
शुभा